पट्टराणीची जागा रिकामी

"महाराज, आपली रखेल चंपाकळी आपल्यावर रुसली आहे. आज तिला मोत्यांचा हार मिळालेला नाही."

देवळावरच्या चारही कर्ण्यांतून हे वाक्य खणखणीत बाहेर पडलं, तेव्हा सत्यशीला ओट्यावर बसून दुर्वाच्या मुठीतला फुटाणा सोडवत होती. अडीच वर्षांच्या पोरीचा फुटाणा घशात अडकू शकतो, नाकात जाऊ शकतो, कानातही जाऊ शकतो. या तिन्ही शक्यतांचा विचार एकदम करायची तिला सवय होती. पण सासऱ्यांचा फोन सगळ्या गावाला असलं काही सांगेल, ही शक्यता तिच्याही डोक्यात कधी आली नव्हती.

गावात सप्ताह चालू होता. दुपारी भजनी मंडळी जेवायला गेली की कर्ण्यावर हरिपाठ लावायचा, आणि तो विठ्ठलरावांच्या फोनवरून लावायचा, अशी पद्धत. विठ्ठलराव म्हणजे सत्यशीलाचे सासरे आणि सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. मागच्या निवडणुकीत चुलतपुतण्या अमरसिंह यानं त्यांना पाडून सरपंचकी नेली, तेव्हापासून ते घरात येरझारा घालायचे आणि पिठाच्या डब्यापासून बैलाच्या वेसणीपर्यंत सगळ्यांत लक्ष घालायचे. शेवटी बेजार होऊन गहिनीनाथनं, म्हणजे सत्यशीलाच्या नवऱ्यानं, त्यांच्या फोनवर राजेरजवाड्यांचा एक गेम टाकून दिला. ग्रामपंचायत गेली, साम्राज्य मिळालं. विठ्ठलराव निवांत झाले.

पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळे ताणू नका. मग काळजीखोर सुनेनंच फोनला बोलायला लावलं. बोट जिथं टेकेल तिथली अक्षरं फोन मोठ्यानं वाचायचा, आणि ते खरंच उघडायचं असेल तर दोनदा टिचकी मारायची. आवाज बाईचा होता, अंगणवाडीच्या ताईंसारखा स्वच्छ आणि ठाम.

तो आवाज आता गावाच्या डोक्यावरून फिरत होता. फोन मंडपातल्या स्पीकरला बिनवायरीनं जोडलेला, स्पीकरवाला पंगतीत, आणि विठ्ठलराव दोनदा टिचकी मारायचं विसरून एकेकदाच दाबत सुटलेले.

"रद्द करा. दोनदा दाबा," फोन म्हणाला. "अंतःपुर. दोनदा दाबा. चंपाकळी. रखेल. मर्जी, अतिशय कमी."

"आरं बंद हो की, बंद हो!" हा विठ्ठलरावांचा आवाज. तो मात्र कर्ण्याशिवायच ऐकू आला.

"पट्टराणी. जागा रिकामी आहे." अंगठा तिथंच चिकटला असावा. "पट्टराणी. जागा रिकामी आहे. पट्टराणी. जागा रिकामी आहे."

मंडपाच्या मागच्या बाजूला काल्याच्या पंगतीसाठी गावातल्या बायका पोळ्या लाटत होत्या. मधोमध केसरबाई, विठ्ठलरावांची बायको, सत्यशीलाची सासू. लाटणं जिथल्या तिथं थांबलं.

"केसरबाई," साखराबाई नावाचं एक जुनं खोड म्हणालं, "नशिबाच्या हो तुमी. आमचे तर सुती लुगडं आणायचं म्हणलं तरी कण्हतेत. तुमचे मोत्याचे हार वाटायलेत!"

केसरबाईंनी हाताचं पीठ झाडलं, पदर खोचला आणि कुणाकडं न बघता घराची वाट धरली. सासूनं पदर डाव्या बाजूला खोचला की काय होतं, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी सत्यशीलाला समजलं होतं. तिनं दुर्वाला कडेवर मारलं, मंडपात पळत जाऊन सासऱ्यांच्या हातातला फोन ओढून घेतला आणि तशीच धावत परत आली.

घर देवळाला लागूनच. ती पोचली तेव्हा केसरबाईंनी पिशवीत दोन लुगडी आणि गुडघ्याचं तेल टाकलं होतं.

"कुठं निघालात, आत्याबाई?"

"नांदूरघाटला. भावाकडं."

"अहो, उद्या काला आहे! वीणापूजेचा मान आपला आहे!"

"ज्यांचा हाय त्यांनी बसावं."

काल्याच्या सकाळी वीणेची पूजा करायचा मान पाळीपाळीनं एकेका घराला मिळायचा, आणि ती पूजा जोडप्यानंच करायची. नवऱ्याच्या हाताला बायकोचा हात लागलाच पाहिजे. एकटा माणूस चालत नाही. एक जण जरी उठला तरी मान पुढच्या घराला, आणि पुढचं घर अमरसिंहाचं. पण खरं सांगायचं तर सत्यशीलाला चिंता वीणेची नव्हतीच. सोमवारपासून केजच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला ती रुजू होणार होती. पोरीला सांभाळायचं सासूनं आपणहून कबूल केलं होतं. ही बाई नांदूरघाटला गेली की मान जाणार, सासऱ्यांचं तोंड काळं होणार आणि सोमवारचा तास कुणी दुसरीच घेणार. तिनं आपल्या फोनवरून गहिनीनाथला फोन लावला.

"आईला समजाव तू," पलीकडून तो ओरडला. "मी बुंदी पाडायलोय!"

नवरे मोक्याच्या वेळी नेहमी बुंदीच पाडत असतात. सत्यशीलानं पिशवीचा एक बंद धरून ठेवला.

"आत्याबाई, तो गेम आहे. चंपाकळी नावाची बाई जगात नाही. नुसतं चित्र आहे."

"मला म्हायती हाय. अडाणी समजतीस का मला? ह्यांच्याजवळ खरी कोण फिरकतीया!"

"मग?"

केसरबाईंचा आवाज एकदम खाली आला. "राणीची जागा रिकामी कावून हाय, ते इचार तुपल्या सासऱ्याला."

सासरे तेवढ्यात दारात आलेच होते. चष्मा हातात, टोपी तिरकी.

"अगं, राणीला लई मोहरा लागतेत," ते कळवळून म्हणाले. "पश्चिमेचा किल्ला घ्यायला साठवून ठिवल्यात मी."

"अन् हाराला लागत न्हाईत? ते काय झाडाला येतेत?"

"हार दिला की ती गाणं म्हणती, गाणं म्हणलं की सैन्य खूश हुतं, सैन्य खूश झालं की—"

"म्या चाळीस वर्सं भाकरी थापल्या, तवा तुपलं सैन्य कधी खूश झालं न्हाई ते!"

विठ्ठलरावांनी मदतीसाठी सुनेकडं पाहिलं. सत्यशीलानं मदतीसाठी दुर्वाकडं पाहिलं. दुर्वानं पिशवीतली तेलाची बाटली काढून तोंडाला लावली होती. ती हिसकावता हिसकावता सत्यशीलाला जे सुचलं ते ती बोलून गेली.

"आत्याबाई, मुळात ती रखेल नाहीच. ती कलावंतीण आहे."

"तेच की."

"तेच नाही!" सत्यशीलाचा आवाज चढला. पोर झाल्यापासून 'नको', 'थू कर', 'उतर खाली' यापलीकडं तिला बोलायला मिळालं नव्हतं. आत कोंडलेलं एम.ए. आता उसळून वर आलं. "रखेल म्हणजे एकाच्या घरात, एकाच्या मर्जीवर. त्यानं दिलं तर खायचं. तो मेला की दुसऱ्या दिवशी हिला बाहेर काढायला घरची माणसं मोकळी. कलावंतिणीचं तसं नव्हतं. ती गाणं शिकलेली, काव्य शिकलेली. तिचं घर तिचं, माणसं तिची. सरकारला कर भरायची. कितीतरी जणींनी देवाला दिवे लावले, विहिरी बांधल्या. राजासुद्धा तिच्याकडं निरोप धाडून जायचा. आता, एकीची दुसरी व्हायला वेळ लागायचा नाही, ते वेगळं. पण हे गेमवाले बघा! यांनी दोघींना एकाच कप्प्यात कोंबलंय. म्हणे अंतःपुर. काम काय, तर महाराजांची खुशी पाच टक्क्यांनी वाढवणे!"

विठ्ठलरावांनी मान डोलावली, जणू त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

"लई बोललीस," केसरबाई म्हणाल्या. पण पिशवी त्यांनी खाली ठेवली होती. "मला एवढंच सांग, तिच्या दाराची किल्ली कुणाकडं हाय?"

सोमवारी वर्गात पहिला प्रश्न हाच टाकायचा, असं सत्यशीलानं मनाशी ठरवलं आणि फोन उघडून चंपाकळीच्या चित्रावर बोट टेकवलं.

"चंपाकळी," आवाज आला, "राहणार नदीकाठी, स्वतःची हवेली."

आवाज फोनमधून आलाच नाही. तो आला देवळावरून. घर इतकं जवळ की फोन अजून स्पीकरला जोडलेलाच होता. सत्यशीला दचकून तो तोडायला गेली, तर सासूनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे."

"आत्याबाई, गाव ऐकतंय!"

"गावानं मघाचंबी ऐकलंय. आता पुढलंबी ऐकू दे. वाच."

"कला, गायन आणि बुद्धिबळ," कर्णे म्हणाले. "राज्यास कर, रोज चारशे मोहरा."

"बघ! कमावती बाई हाय," विठ्ठलराव खुलले. "रखेल न्हाईच!"

"म्हणजे ती कमावती," केसरबाई शांतपणे म्हणाल्या, "तिच्याच मोहरांचा हार तुमी तिला देता, अन् वरचं खुशाल खिशात घालता."

मंडपाच्या बाजूनं बायकांचा हसण्याचा एक लोट आला. विठ्ठलराव पायरीवर बसले.

"अन् ही मागं अंधारात बसलेली कोण?" केसरबाईंनी चित्राच्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

"मैनावती. रखेल. किल्ला जिंकल्यावर प्राप्त. हवेली नाही. कर नाही."

"ती आपोआप आली," विठ्ठलराव पुटपुटले. "किल्ल्याबरूबर मिळती. धान्याची कोठारं, दोन तोफा, अन् ती."

"म्हणजे उचलून आणली."

"अगं, गेम हाय तो!"

"सोडा तिला."

"सुटत न्हाई. म्या काय वाईट माणूस हाव का? पर ते बटण मला दिलंच न्हाई त्यांनी. तो अधिकार फकस्त पट्टराणीला."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि आपण काय बोललो हे विठ्ठलरावांना उमगलं. सासू सुनेकडं बघत होती, सून सासूकडं. दोघींनी मिळून मग त्यांच्याकडं बघितलं.

त्याच वेळी ओट्यापुढं चपला वाजल्या. अमरसिंह आला होता. पांढरा शुभ्र सदरा, कपाळाला बुक्का, चेहऱ्यावर मयताला आल्यासारखी हळहळ. मागं त्याची बायको विजयमाला, हातात पूजेचं ताट, तेही आधीच घासूनपुसून चकचकीत केलेलं.

"तात्या," तो अदबीनं म्हणाला, "वाईट वाटलं. घरोघरी मातीच्या चुली. पर काकू जर उद्या बसणार नसत्याल तर देवाचा मान नाहक अडकू ने. आमी आपलं सेवा म्हणून—"

"निमंत्रण," देवळावरून ठाम आवाज आला.

सगळ्यांच्या माना देवळाकडं वळल्या.

"राजा अमरदादा किंग यांनी आपली रुसलेली कलावंतीण चंपाकळी हिला आपल्या दरबारी येण्याचे निमंत्रण धाडले आहे. सोबत मोत्यांचे हार आणि एक पांढरा हत्ती."

बुक्का लावलेला चेहरा हळूहळू बुक्क्याच्याच रंगाचा झाला. विठ्ठलराव पायरीवरून उठले.

"अमरदादा किंग म्हंजी तू हायस व्हय बे? वर्सभर माझ्या उगवतीच्या शिवेवर फौजा आणतो तो तूच?"

"तात्या, मला काय मालूम तुमी हाव ते? मगाशी कर्ण्यावर ऐकलं, चंपाकळी रुसली, तवा ध्यानात आलं." अमरसिंह बोलून बसला. अंतःपुराच्या यादीत गेम दोघींना रखेलच म्हणायचा, पण नियम दोघींचे वेगळे होते. रखेल पळवता येत नाही, ती दाराआड. कलावंतीण मात्र नाराज असली तर जो राजा मान देईल त्याच्याकडं जाऊ शकते. नाराजीची बातमी एरवी हेर लावून काढावी लागते. इथं ती गावभर फुकट वाटली गेली होती, आणि सरपंचानं काकूंचा मान मागायला येता येता वाटेतच हत्ती धाडला होता.

"आवं," विजयमाला मागून म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. "आपल्यात किती हायेत?"

"काय किती?"

"चंपाकळ्या."

"अगं, तसं न्हाई, ते गेममदी—"

"फोन द्या इकडं."

अमरसिंहाचा फोन त्याच्या खिशातून विजयमालाच्या ताटात कसा गेला हे कुणाला दिसलंही नाही. ती देवडीत जाऊन बसली आणि एकेक चित्र बघायला लागली. अधूनमधून तिचा आवाज येत होता. "ही? ही पण किल्ल्याबरूबरच आली का? अन् आपल्यातबी राणीची जागा रिकामीच हाय म्हणा की!"

इकडं कर्णे घाई करत होते. "चंपाकळीविषयी आपला निर्णय कळवा. हार द्या. पहारा बसवा. तिच्या मर्जीवर सोडा."

"पहारा बसव!" विठ्ठलराव सुनेला म्हणाले. "हवेलीभवती शंभर माणूस उभा कर! माझी चंपाकळी ह्याच्याकडं जाती म्हंजी काय!"

"पहारा बसवला तर मग ती रखेलच झाली की," केसरबाई म्हणाल्या.

सत्यशीला थक्क होऊन बघत राहिली. मगाशी तिला एवढं लांबलचक सांगावं लागलं, तेच सासूनं एका ओळीत बसवलं होतं, आणि ते गेमवाल्यांच्या बटणाला नेमकं लागू पडत होतं.

"आधी मला राणी करा," केसरबाई नवऱ्याला म्हणाल्या. "हे दरबारचं काम तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"किल्ल्याच्या मोहरा..."

"किल्ला पाहिजे का उद्याची वीणा?"

विठ्ठलरावांनी कर्ण्याकडं पाहिलं, अमरसिंहाकडं पाहिलं, देवडीतल्या चकचकीत ताटाकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांचा अंगठा अचूक पडला. दोनदा.

"पट्टराणीचे नाव सांगा."

"केसरबाई विठ्ठलराव—" ते सुरू झाले.

"नुसतं केसरबाई," केसरबाई म्हणाल्या.

आणि मग देवळावरून निघून पिंपळावरून, पाण्याच्या टाकीवरून ते वाक्य गावभर पसरलं. "पट्टराणी केसरबाई सिंहासनावर विराजमान झाल्या आहेत!" पाठोपाठ नगारे वाजले, तुताऱ्या वाजल्या. मंडपात बायकांनी लाटणी पोळपाटावर बडवली. दुर्वाला वाटलं वरात आली. ती टाळ्या पिटत नाचायला लागली. सत्यशीलानं तिला अजिबात धरलं नाही. जरा पडली तर पडली.

पट्टराणींनी पहिल्या दमात दोन हुकूम सोडले. सुनेनं बोट दाखवायचं, सासूनं दोनदा टिचकी मारायची. पहिला हुकूम मैनावतीचा. "मैनावती मुक्त झाली आहे. ती आपल्या गावी परत गेली," कर्णे म्हणाले. अंधारातलं चित्र पुसलं गेलं.

"जाऊ दे बाई," केसरबाई हळूच म्हणाल्या. "तिलाबी आईबाप असतील."

दुसरा हुकूम चंपाकळीचा. तिच्या मर्जीवर सोडा.

पडद्यावर एक घटिकापात्र भरायला लागलं. विठ्ठलराव देवाचं नाव घेत होते, अमरसिंह बायकोच्या धाकानं उघडपणे घेऊ शकत नव्हता. मंडपातली लाटणी थांबली. बुंदीचा झारा हातात घेऊन गहिनीनाथही येऊन उभा राहिला, अर्थात सगळं निभावल्यावर.

"चंपाकळीने पांढरा हत्ती परत पाठवला आहे," आवाज आला. "पट्टराणी केसरबाई यांच्या दरबारी राहणे तिने पसंत केले आहे."

त्यानंतर जी आरोळी उठली ती मागच्या निवडणुकीतल्या गुलालालाही उठली नव्हती. साखराबाई पिठाच्या हातानं ओट्यावर आल्या आणि केसरबाईंच्या गालाला तसंच पीठ लावून म्हणाल्या, "राणीसाहेब, पोळ्या ऱ्हाईल्यात. येताव का धाडू पालखी?"

"चला," केसरबाई म्हणाल्या. जाता जाता त्यांनी पिशवी पायानं खाटेखाली सारली आणि नवऱ्याकडं वळून पाहिलं. "आंघूळ करून टायमावर बसा उद्या. मला वाट बघायची सवय न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीणापूजेला कीर्तनकार महाराजांनी पुकारलं, "विठ्ठलराव सपत्नीक यावेत!" तर खालून बायकांच्या बाजूनं कुणीतरी दुरुस्ती केली, "महाराज, केसरबाई नवऱ्यासकट म्हणा!" मंडप हसला, महाराजही हसले आणि तसंच म्हणाले. केसरबाई पुढं चालल्या, विठ्ठलराव मागं. पूजेला हाताला हात लागला. विठ्ठलरावांनी तो जरा जास्तच घट्ट धरल्याचं सत्यशीलाच्या नजरेतून सुटलं नाही. अमरसिंह काल्याला आला होता, पण त्याच्याकडं फोन नव्हता. हात कुठं ठेवावेत हे न कळल्यानं तो दिवसभर पंगतीत पाणी वाढत होता.

सोमवारी सत्यशीलानं केजच्या कॉलेजात पहिला तास घेतला. पोरांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली, घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. बाहेर आल्यावर मात्र जुनी सवय उचल खाऊन आली. दुर्वा जेवली असेल का? ओट्यावरून पडली तर? घशात काही गेलं तर? तिनं घरी फोन लावला.

"आत्याबाई, दुर्वा कुठंय?"

"तुपल्या सासऱ्यापशी."

"रडतीये का?"

"न्हाई. दूधभात भरवायलेत तिला. वरण गरम केलंय, शी धुतली, झबलंबी बदललं. लई चांगलं जमायलंय त्यांना, राज्य नव्हतं जमत." मागून विठ्ठलरावांचा काऊचिऊचा आवाज आला आणि पोरीचं खिदळणं. "अन् आता फोन ठेव, मी कामात हाय. अमरसिंहाच्या किल्ल्याला वेढा घातलाय."

"पण तो किल्ला तर फार मजबूत आहे ना?"

"असू दे की," केसरबाई म्हणाल्या. "त्याच्या विजूनं आतून दार उघडायचं कबूल केलंय."